टोचलं तरी चालेल

मी एक अ‍ॅशट्रे बोलतोय. गोड काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल, तर उठा. ज्याच्या पोटात आयुष्यभर निखारे विझवले, त्याच्या तोंडून गोड शब्द कुठून येणार?

जुने नळ, कड्या, बिजागऱ्या वितळवून त्या पितळेतून मला ओतलं. त्याच रसातून शेजारच्या साच्यात देवापुढचा दिवा झाला. नशीब एकेकाचं! मला विकत आणलं ते मास्तरांच्या बायकोने. मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. सिगारेटची राख पडून गिऱ्हाइकाच्या कोटाला भोक पडलं, म्हणून बाईंनी मला शिलाई मशीनशेजारी आणून ठेवलं. कापड वाचलं. भाजलो मी.

मास्तर एक बाही जोडायचे आणि माझ्या तळाला एक चटका द्यायचे. वर्षानुवर्षं हेच. शेवटी चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, तेव्हा कुठे त्यांनी सिगारेट सोडली. मी मनात म्हटलं, बरं झालं. आता भोगा!

आणि भोगलंच त्यांनी. डोकं ठणकायचं. झोप उडाली. पोट साफ होईना. तोंड आलं. सुईत दोरा ओवताना हात असा थरथरायचा की दोरा नेढ्याभोवती प्रदक्षिणा घालायचा, आत काही शिरायचा नाही. मला हसू यायचं. मग मास्तर कात्री आपटायचे, बाईंवर खेकसायचे.

बाई देवभोळ्या. "यांची पुरती सुटेपर्यंत मी चहाला शिवणार नाही," असं देवापुढे बोलून बसल्या. झालं! त्यांचंही डोकं ठणकायला लागलं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" मास्तर ओरडले.

"देवाशी बोललेय, तुमच्याशी नाही. आणि हळू बोला. माझं डोकं तुमच्यापेक्षा जास्त दुखतंय."

"अगं, माझं सिगारेटमुळे दुखतंय!"

"सिगारेटवाचून दुखतंय. माझं चहावाचून. घ्या, पाणी प्या." आणि त्याच तांब्यातून स्वतःही घटाघट प्यायल्या.

ओठांना रिकामं बसवेना, म्हणून मास्तरांनी टाचण्या तोंडात धरायला सुरुवात केली. शिंपी कामापुरत्या धरतातच. हे दिवसभर धरू लागले. त्यात खोकला वाढलेला. बाई रोज टोकायच्या, मास्तर रोज दुर्लक्ष करायचे.

एकदा झग्याच्या घेराला टाचण्या लावता लावता खोकल्याची जोराची उबळ आली. टाचण्या उडाल्या. एक जिभेच्या मागे अडकली. मास्तरांनी बोट घालून ती कशीबशी ओढून काढली. ओठाला रक्त, डोळ्यांत पाणी.

दुकानातला इस्त्रीवाला हातातली इस्त्री ठेवून धावला. पाठ चोळता चोळता म्हणाला, "मास्तर, ओढत होतात तेव्हा असं खोकत नव्हतात. सोडलीत आणि आजारी पडलात! एक ओढा, छाती मोकळी होईल."

त्याने पुढे केलेली सिगारेट मास्तरांनी घेतली. ओठांत धरली. इस्त्रीवाल्याने काडी पेटवली. माझ्या तळाचे सगळे जुने डाग एकदम हुळहुळले.

"अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?" दारातून बाईंचा आवाज आला. "सोडल्यावर छाती आतून साफ व्हायला लागते, काहींना थोडे दिवस खोकला वाढतो. थांबलाच नाही, ताप आला, खोकल्यातून रक्त पडलं, तर या म्हणाल्या. छाती झाडून निघतेय, आणि तुम्ही पुन्हा कचरा टाकताय?"

मला वाटलं, आता खेकसतील. पण मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आणि हात? हात असाच राहिला तर मी शिवू काय गं?"

एवढे दिवस मी ज्याला माज समजत होतो, ती भीती होती.

"थरथरू दे. तोवर ओवायचं काम माझं," बाई म्हणाल्या.

काडी इस्त्रीवाल्याच्या बोटाशी येऊन विझली. मास्तरांनी कोरी सिगारेट माझ्यात टाकली. बाईंनी वरून तांब्या ओतला. तंबाखू फुगून तरंगला. मग मला घासूनपुसून त्यांनी जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या आणि माझ्यात टाकल्या. "यात राहतील. तोंडात नाही."

आता खोकला बराच उतरलाय. दोरा कधी मास्तर ओवतात, कधी बाई. चहा अजून बंदच आहे. बाई म्हणतात, देवाला घाई नाही, मलाही नाही. जेवण झालं की मास्तरांचा हात अजून सवयीने माझ्याकडे येतो, एक टाचणी उचलतो आणि परत ठेवतो.

मी त्यांना माफ केलेलं नाही. टाचण्या टोचतात, आणि मी कुरकुरतो. पण मास्तर, आणि ऐकणारे तुम्हीसुद्धा, माझ्यात टाचण्या टाका, बटणं टाका, तुटक्या सुया टाका. निखारा घेऊन येऊ नका. टोचलेलं मी सहन करीन.