उमेदवार फुटला!

विधान परिषदेची जागा मुदतीच्या मधेच रिकामी झाली आणि सत्ताधारी आघाडीतल्या दोन्ही पक्षांची झोप उडाली. उमेदवार नानासाहेब एका पक्षाचे, मतं मात्र दोघांची लागणार. मत द्यायचं नगरसेवकांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी. ते फुटू नयेत म्हणून सगळ्यांना म्हैसमाळच्या एका हॉटेलात आणून ठेवलं, मोबाईल काढून घेतले. विरोधकांकडं कुणाचं लक्षच नव्हतं. दोन्ही पक्ष एकमेकांवरच पाळत ठेवून होते.

फुलंब्रीच्या नगरसेविका म्हाळसाबाई नवऱ्याला, मल्हारीला, घेऊन आल्या होत्या. कार्यकर्ते मल्हारीलाच 'साहेब' म्हणत आणि त्यालाच विचारत, "मत पक्कं ना?" तोही पनीर चघळत "पक्कं" म्हणे.

मल्हारी मतदार नव्हता, म्हणून त्याचा फोन तेवढा त्याच्याकडंच होता. मतदानाच्या आदल्या सकाळी त्यावर म्हाळसाबाईंच्या दिराचा निरोप आला. मेंढी विताना अडली होती आणि जनावरांचे डॉक्टर रजेवर होते. म्हाळसाबाईंनी चप्पल घातली. कार्यकर्ता दारात आडवा आला.

"वहिनी, बाहेर जायची परवानगी नाय."

"मंग मत बी नाय."

हे ऐकून नानासाहेब चहा टाकून धावले. ड्रायव्हर मित्रपक्षाचा, म्हणून गाडी स्वतःच काढली. गडबडीत फोन टेबलावरच राहिला.

फुलंब्रीला मेंढ्यांच्या वाड्यावर पोचताच म्हाळसाबाईंनी बाह्या सरसावल्या. "नुसतं उभं काय ऱ्हायलात? डोकं धरा तिचं!"

नानासाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत लेंड्यांवर गुडघे टेकून बसले. मेंढीनं एक लाथ मारली, ती पार बरगडीत बसली.

इकडं हॉटेलात हलकल्लोळ. उमेदवार नाही, गाडी नाही, एक मतदार नाही!

"तुमचा उमेदवारच फुटला!" मित्रपक्षाचा जिल्हाध्यक्ष ओरडला.

"फुटला कसला, तुम्हीच पळवला!"

टीव्हीवर बातमी झळकली : 'उमेदवार नॉट रिचेबल.' "अहो, मेंढी अडली, मेंढी," असं मागं राहिलेला मल्हारी घसा फोडून सांगत होता. पण आता त्याला साहेब म्हणायला कुणालाच सवड नव्हती. शेवटी एकानं ऐकलं आणि गाड्यांचा ताफा फुलंब्रीकडं सुटला.

वाड्यावर नानासाहेब घामाघूम बसलेले. मांडीवर ओलं कोकरू, सदऱ्याचा रंग ओळखू येईना.

"नाना, फुटलात का काय?" जिल्हाध्यक्षानं विचारलं.

"नाय हो," ते धापा टाकत म्हणाले, "आत्ताच मोकळे झालो."

नानासाहेब निवडून आले, पण काठावर. आघाडीची मतं फुटलीच होती. कुणाची, यावरून दोन्ही पक्षांत शहरात औरंगपुऱ्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर लई दिवस भांडणं चालली. 'बाईंचं मत कुणाला?' असं लोक मल्हारीला विचारत. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. एकदा जेवताना धीर करून त्यानं विचारलं, तर म्हाळसाबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

नगरपंचायतीच्या पुढच्या बैठकीत म्हाळसाबाईंनी ठराव मांडला : फुलंब्रीला जनावरांचा दुसरा डॉक्टर द्या. श्रेय दुसऱ्याला जाईल या धास्तीनं दोन्ही पक्षांनी असे घाईघाईनं हात वर केले, की ज्यांना विरोध करायचा होता ते बसूनच राहिले.