अंगठ्याशेजारची सही

मी एक जुनी हजेरीवही आहे. जुनी झाले म्हणून कुणी पायाखाली घ्यावी का? पण आस्थापना विभागातल्या नव्या कारकुनाने घेतली. नगरपालिकेत कोण कामाला लागला, कोण रजेवर गेला, कोण कायम झाला, हे सगळं बघणारा तो विभाग. तिथे त्याचं टेबल डुगडुगत होतं. सुताराला बोलवायचं सोडून त्याने मला कपाटावरून ओढलं आणि टेबलाच्या पायाखाली सारलं. धूळसुद्धा झटकली नाही. वर म्हणतो कसा, "आता कसं झकास झालं." टेबल झकास झालं, मित्रांनो, माझं कंबरडं मोडलं.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. तिथल्या बाईने माझी पानं नीट ठोकून सारखी केली, पाठीला लाल कापड लावलं आणि माझ्यावरून एकदा हात फिरवला. तो हात मी अजून विसरले नाही. मग मी सफाई कामगारांच्या हजेरीच्या खोलीत आले. चौदा माणसं, चौदा ओळी. उजाडायच्या आत सगळी माझ्यापुढे रांगेत उभी राहायची. मोठमोठे साहेब मला उघडल्याशिवाय झाडूला हात लावू देत नसत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

त्या चौदांत एक आत्याबाई होती. सगळ्यांची आत्या, आणि जिभेला धार. शाळेचं तोंड तिने जेमतेम दोन वर्षं पाहिलेलं, म्हणून ती अंगठा लावायची. तिचा अंगठा जाड, मधोमध कापल्याची आडवी खूण. तीन वर्षं तो अंगठा रोज माझ्यावर उमटला. मग घरी नात पाटीवर अक्षरं गिरवू लागली, तशी ही तिच्या शेजारी बसली आणि नाव लिहायला शिकली.

पहिल्या सहीच्या दिवशी तिने अक्षरं इतकी मोठी काढली की सही चौकट ओलांडून शेजारी गेली. शेजारची ओळ कचऱ्याच्या गाडीवाल्याची.

"आत्याबाई, माझ्या घरात शिरलात," तो म्हणाला.

"तुझं घर रिकामंच असतं. काल तरी कुठे आला होतास?"

सगळे हसले. हजेरी घेणारा मुकादम मात्र हसला नाही. म्हणाला, "आत्याबाई, महिनाभर अंगठाही लावा आणि सहीही करा. उद्या कुणी म्हणायला नको, बाई बदलली."

तिला राग आला. शिकलेल्या बाईने अंगठा कशाला लावायचा? पण महिनाभर तिने नाक मुरडत दोन्ही केलं. अंगठ्याशेजारी सही, एकतीस वेळा. त्या शहाण्या मुकादमाचे उपकार मी कसे फेडू?

पुढे माझी पाठ उसवली. मुकादम नवी वही मागवणार होता. आत्याबाई म्हणाली, "चांगल्या वहीला धाड भरलीय का?" दुपारच्या सुट्टीत दाभण आणि हिरवी सुतळी घेऊन बसली आणि मला शिवून काढलं. दर टाक्याला दुहेरी गाठ. पानं भरली तेव्हा माझी रवानगी कपाटावर झाली आणि हळूहळू सगळे मला विसरले.

अशी सहा वर्षं गेली. मग हुकूम आला, की रोजंदारीवर ज्यांची सलग दहा वर्षं भरली त्यांना कायम करा. आत्याबाईची अकरा भरलेली. निवृत्तीच्या वयाला एकच वर्ष उरलेलं. ही संधी गेली की गेली. ती त्याच टेबलासमोर उभी राहिली, आणि मी खाली.

"नंतरच्या वह्यांत तुमची सहाच वर्षं दिसतात," कारकून म्हणाला. "आधीच्या पाच वर्षांची वही मिळत नाही. आणि कामाला लागल्याच्या यादीत अंगठा आहे, इथे सही आहे. बाई तीच कशावरून?"

मला ओरडावंसं वाटलं. पण वहीला तोंड कुठलं.

आत्याबाई उगाच खाली बघत राहिली. आयुष्यभर जमिनीकडे बघून काम केलेली बाई ती. तिला टेबलाच्या पायाखाली हिरवी सुतळी दिसली. दुहेरी गाठी दिसल्या.

"टेबल उचला," ती म्हणाली.

"काय?"

"उचला म्हणते ना."

त्याने उचललं. तिने मला ओढून काढलं, पदराने पुसलं आणि ते पान उघडलं. अंगठा, शेजारी सही. आडवी खूण स्पष्ट. कारकुनाने माझी पाच वर्षांची पानं चाळली, यादीतला अंगठा शेजारी धरून पाहिला, तिचा अंगठा पाहिला, आणि गुपचूप तिचं नाव कायमच्या यादीत लिहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

मित्रांनो, आता मी कपाटात, बंद दारामागे आहे. तुमच्या घरातही जुनी वही असेल. फेकण्याआधी एकदा उघडून पाहा, तिच्यात कुणाचे तरी दिवस असतात. माझे दिवस एका बाईने शिवून ठेवले, म्हणून मी आहे, आणि माझ्यामुळे ती.

त्या दिवशी जाताना तिने पिशवीतून झाडूच्या जुन्या दांड्याचा तुकडा काढला, टेबलाच्या पायाखाली बसवला आणि कारकुनाला म्हणाली, "तू पोरगा वाईट नाहीस, बाबा. फक्त तुला खाली वाकून बघायची सवय नाही."