फळीखालचं काहीतरी

शाळेत तिला सगळे 'नव्या मॅडम' म्हणत, कारण जुने सर म्हणजे तिचे सासरे. तीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. अणूचा धडा ते इतका रंगवत, की पोरांनी त्यांचं नावच 'अणूसर' पाडलं होतं.

त्या दिवशी तास घेताना ती सहज बोलून गेली, "इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे गोल गोल फिरतात, हे चित्र डोक्यातून काढून टाका. ते चूक आहे."

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेजारची मुलगी तिच्याच वर्गात, आणि तिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

"म्हणजे तीस वर्षं मी पोरांना चूक शिकवलं म्हण की," सासरे जेवताना म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी भात परत घेतला नाही.

"बाबा, तुम्ही नाही हो, चित्र चूक होतं."

"फळ्यावर ते काढत कोण होतं?"

दोघांच्या मधे नवऱ्याची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली.

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिचं तिलाच वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "बाबा, एक तास घ्याल? अणूबद्दल माणसं काय काय समजत आली, ते. मी सांगितलं की त्याची नुसती जंत्री होते."

कप घेऊन ते उठले. दुपारभर मागच्या खोलीच्या बंद दाराआडून ठोकाठोकी ऐकू येत होती.

तासाला ते एक रुंद फळी आणि पिशवीभर गोट्या घेऊन आले. फळीच्या खाली मधोमध काहीतरी ठोकलेलं होतं. फळी जमिनीवर ठेवली, की कडेने गोटी आत जाण्यापुरतीच फट उरे.

"खाली काय आहे ते ओळखायचं. वाकून बघायचं नाही. फक्त गोट्या सोडायच्या."

गोट्या सरळ पलीकडे निघू लागल्या. "सर, खाली काहीच नाही!" पोरं ओरडली. तेवढ्यात एक गोटी खट्कन आपटून सोडणाऱ्या मुलीच्याच पायाशी परत आली.

"अगदी असंच झालं होतं," सर म्हणाले. "आधी लोक म्हणायचे, अणू म्हणजे टणक चेंडू. मग म्हणाले, कलिंगड; इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातल्या बिया. मग कोणीतरी सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण सोडले. बहुतेक आरपार गेले, पण काही थोडे उलटे फिरले. म्हणजे आत मधोमध काहीतरी घट्ट होतं."

"मग कलिंगडवाले मूर्ख होते का, सर?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"छे गं. तोवर जेवढ्या गोट्या सोडून झाल्या होत्या, तेवढ्यांत त्यांचं बरोबरच होतं." मागच्या बाकावर बसलेल्या सुनेकडे त्यांनी एकदा पाहिलं. "तुमच्या आईवडिलांना मी ग्रहांचं चित्र शिकवलं. त्या चित्रानंतरही आणखी गोट्या सुटल्या होत्या. आता तुमच्या मॅडम म्हणतात, इलेक्ट्रॉनचा ढग असतो. तेच लिहून घ्या."

तिने डोळे पुसायला खिडकीकडे तोंड फिरवलं.

घंटा झाली. फळी उचला म्हणून पोरांनी धोशा लावला. सर हलले नाहीत. "अणूचा शोध घेणाऱ्यांना कोणी उचलून दाखवली होती का?"

फळी प्रयोगशाळेतच राहिली. मधल्या सुट्टीत पोरं गोट्या सोडत; अर्धी त्रिकोण म्हणत, अर्धी गोल. अणूसर आता दर आठवड्याला एक तास घेऊ लागले, आणि घरी भात पुन्हा दोनदा वाढावा लागू लागला.

एकदा शाळा सुटल्यावर तिने विचारलं, "बाबा, मला तरी सांगा. त्रिकोणच ना?"

त्यांनी पिशवी पुढे केली. पदर खोचून ती जमिनीवर बसली आणि तिने एक गोटी सोडली. गोटी भलतीकडूनच बाहेर आली.

"आता काय म्हणतेस?"

"थांबा हो," ती म्हणाली, "अजून एक सोडू द्या."