पेनिनानंतर

फुआतिनोने लेकीचा दंड उजेडाकडे वळवून आतल्या बाजूनेही पाहिला. चिमट्याची खूण नव्हती.

"लांगी, सरावाच्या वेळी तुला कोणी हात लावतं का?"

"पेनिनाचं संपलं की मी उठते," लांगी म्हणाली. विचारलं होतं ते सोडून दुसरंच.

मुलांच्या रविवारी चर्चमध्ये कोणी नाव पुकारत नाही. ज्याने त्याने आपली पाळी ओळखून उठायचं आणि बायबलमधलं आपलं वचन म्हणायचं. लांगी आठ वर्षांची. ऑटिझम असलेल्या मुलांना पुढे करायचं काम वेळेवर आठवणं जड जातं, असं आपिया शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. फुआतिनोने त्यावर सापडेल ते वाचूनही काढलं होतं. शाळेतून आलीस की कोंबड्यांना खोबरं घाल, असं लांगीला सांगावं, आणि संध्याकाळी उपाशी कोंबड्या दारात हजर. मग सरावात चारही वेळा बरोबर उठली कशी? सराव घेणारी नणंद, तालिता. लांगीशेजारी बसवलेली पेनिना तिचीच मुलगी.

तालिता बोलवायला आली तेव्हा फुआतिनोला राहवलं नाही.

"ताई, खरं सांगा. पेनिना कोपराने ढोसते ना हिला?"

"तू ना, पोलिसात जायला हवी होतीस! केस विंचर पोरीचे. घंटा होईल आता."

उत्तर टाळलंच की. लांगीला यंदा जमलं तर पुढच्या वर्षीही बरोबरीच्या मुलांत बसणार होती. नाही जमलं, तर तान्ह्यांच्या रांगेत, आयांच्या पायांशी. पण चोरून ढोसून उठवली आणि ते गावाने पाहिलं, तर त्याहून वाईट.

चर्चमध्ये फुआतिनो कडेची जागा धरून बसली. तिथून पेनिनाचे हात दिसत होते. एकेक मूल उठत होतं, बसत होतं. त्या दोघींच्या अलीकडचा मुलगा खाली बसला आणि दोन पांढऱ्या फ्रॉकांच्या मधून एक हात हळूच सरकला.

धरलं, असं तिच्या मनात आलं.

हात लांगीचा होता. तिने पेनिनाच्या फ्रॉकची कड दोनदा ओढली. पेनिना दचकून उठली, एका श्वासात वचन म्हणाली आणि मटकन बसून तोंड पुसू लागली. लांगीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

आता कोणीच उठलं नव्हतं. लांगी आपल्या बुटांकडे पाहत होती. फुआतिनोच्या ओठांवर वचनाचा पहिला शब्द आला.

तोच शब्द पुढून आला, सावकाश, स्पष्ट. लांगी हात शरीराशी घट्ट धरून उभी होती.

"वहिनी," मागून तालिता कुजबुजली, "बस ना खाली. लांगी दिसत नाहीये आम्हाला."