टाकेमोचन महाराजांचा नारळ

हनुमंताच्या अंगणात सकाळपासून अर्धं गुंजवणं गाव लोटलं होतं. ओट्यावर घोंगडी टाकून टाकेमोचन महाराज बसले होते. त्यांची ख्याती अशी, की बाळंतपणात मायांगाखाली, बाळ बाहेर येतं त्या वाटेशी, घातलेले टाके ते नारळात ओढून घेत. बाळंतीण आत खाटेवर, नारळ बाहेर महाराजांच्या हातात. मंत्र म्हणून नारळ फोडला की आतून दोरा निघायचा. महिना-दीड महिन्यात टाके साफ गायब! ना कात्री, ना दवाखाना.

"माझ्या सुनंचे असे गेले, जसं काही नव्हतेच," पालीहून आलेली फुलाबाई सांगत होती.

"तुमी बघितलं?" कुणीतरी विचारलं.

"अगं बाई! तिथं कोण बघतंय?"

सगळ्याजणी पदरात हसल्या आणि सगळ्यांना पटलंही.

महाराजांना बोलावलं होतं हनुमंताच्या थोरल्या बहिणीनं, धोंडाबाईनं. हनुमंताची शिवानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आई सगुणाबाई दिवाळीआधीच गेली. ती असती तर हनुमंताला यातलं काही बघावंच लागलं नसतं. पोरीला धड बसता येईना. बाळाला पाजायला घेतलं की ती डोळे गच्च मिटायची, आणि बापाला 'कुठं दुखतंय' एवढंही विचारता येईना. म्हणून तो नुसती लाकडं फोडायचा. बाळंतिणीच्या न्हाणीला म्हणून एवढी फोडली, की गावाला आंघोळ घालता आली असती. शेवटी कुऱ्हाड निसटून पिंढरीवर बसली आणि भोरच्या दवाखान्यात त्यालाही टाके पडले.

महाराजांनी त्याच्या हातात अंगाऱ्याची पुडी दिली. "हा टाक्यांवर दाबून भरायचा. बारशापर्यंत तिथं पाणी लावायचं नाही. पाण्यानं मंत्र वाहून जातो."

हनुमंत पुडी घेऊन दाराशी गेला. आतून शिवानी बापाला म्हणाली, "दादा, ती शेणाची राख हाय. कच्च्या जखमेत भरली तर पू धरंल, ताप चढंल. बाळाला कोण बघंल मग?"

"तोंड आवर," धोंडाबाई कडाडली. "तुझी आई असती तर मुकाट्यानं लावली असतीस."

आईचं नाव निघालं आणि हनुमंताचा पाय उंबऱ्यातच अडला. सगुणानं काय केलं असतं? त्याला खरंच माहीत नव्हतं. असलं काही ती त्याच्याशी कधी बोललीच नव्हती.

"आत्या, लावीन की," शिवानी म्हणाली. "पण आधी दादांच्या पिंढरीचे टाके काढू द्या महाराजांना. ते चारचौघांना दाखवता येत्यात."

अंगणातल्या माना हनुमंताच्या पायाकडं वळल्या. मग मागून आवाज आला, "व्हय की! हनुमंता, धोतर वर घे!"

महाराज खाकरले. "पुरुषाच्या टाक्यांचा मंत्र निराळा असतो."

"म्हणा की मग निराळा! आमाला काय घाई न्हाई."

सुटका नव्हती. महाराजांनी डोळे फिरवले, 'ह्रीं फट् टाका सुट्' म्हणत नारळ हनुमंताच्या पायावरून ओवाळला आणि दगडावर आपटला. आतून दोरा निघाला. निघाला तो निघतच राहिला. पांढराशुभ्र, हातभर, दोन हात...

"महाराज, माझी पिंढरी शिवली हुती का गोधडी?" हनुमंतानं विचारलं. "आन् माझा दोरा काळा हाय."

"पाप धुतलं की पांढरा होतो."

"पण टाके तर हितंच हायेत!"

"ती टाक्यांची छाया."

हनुमंतानं बोट लावलं आणि कळवळला. "छाया लई टोचतीया की वो!"

अंगणात हशा पिकला. हनुमंतानं नारळाची करवंटी उचलली. तीन डोळ्यांतला मऊ डोळा शेंदरानं माखलेला होता. नख मारलं तर शेंदराखालून मेण निघालं. दोरा तिथूनच आत कोंबलेला.

"पण माझ्या सुनंचे खरंच गेले!" फुलाबाई रडकुंडीला आली.

"जाणारच," शिवानी दाराशी येऊन म्हणाली. "तिथं घालत्यात तो दोरा आपोआप विरतो, काही आठवड्यांत. नारळ फोडा न्हाईतर फोडू नका. दादांच्या पायाचा विरत न्हाई, तो कापावा लागतो. दवाखान्यातल्या बाईंनी घरी सोडताना हे सगळं समजावलं हुतं."

"मग आमाला कसं न्हाई कळलं?" हनुमंतानं विचारलं.

"बाई 'टाके' म्हणाल्या आन् तुमी लाजून बाहेर गेला. आत्यांनी कानावर पदर घेतला."

महाराज एव्हाना फटफटीला किक मारत होते. घोंगडी तशीच राहिली.

हनुमंतानं पुडी उकिरड्यावर भिरकावली आणि पोरीसमोर येऊन बसला. "आता सांग. म्या हलत न्हाई."

तिनं सांगितलं. जागा रोज पाण्यानं धुवायची, पुढून मागं, आणि टिपून कोरडी ठेवायची. कापड वेळच्या वेळी बदलायचं. टबात कोमट पाणी घेऊन बसलं की बरं वाटतं. पोट साफ राहील असं खायचं, पाणी भरपूर प्यायचं. घाण वास, पू, ताप किंवा वाढतं दुखणं दिसलं तर तडक दवाखाना.

हे एवढंच. यात मंत्र नाही. ज्या जागेचं नाव घ्यायला आपण लाजतो, तिथंच अशा महाराजांचं दुकान चालतं, कारण तिथं तपासायला कोणी जात नाही. लाज बाजूला ठेवून विचारा, आणि विचारून पटेल तेच करा.

पुढं पिंढरीचे टाके काढायला हनुमंत भोरला गेला. रांगेतूनच त्यानं सिस्टरला मोठ्यानं विचारलं, "बाई, पोरीच्या मायांगाखालच्या टाक्यांना अजून किती दिवस लागतील?"

रांगेतले बाप्ये एकदम छताकडं बघायला लागले. एक म्हातारी मात्र काठी टेकत पुढं आली आणि हळूच म्हणाली, "दादा, माझ्या सुनंचं बी विचार की."