घरभेट

सरितानं प्रफुल्लच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. तो शाळेत निघालेल्या पोरासारखा हनुवटी वर करून उभा होता. कानाच्या पाळीखाली दाढीच्या साबणाचा फेस राहिला होता. तिनं तो ओढणीच्या टोकानं टिपला आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पाहिलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. इतक्या महिन्यांनी तो पुन्हा लॅबमध्ये निघाल्यासारखा दिसत होता.

"पप्पा सो हँडसम, लाह," यशू सोफ्यावरून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. ती पाच वर्षांची होती आणि आज घरात काहीतरी आहे एवढं तिला कळलं होतं.

प्रफुल्ल हसला. ओठांपुरतं.

"विचारलं तर काय सांगायचं?" त्यानं सरिताला विचारलं.

"बरं आहे म्हणा. जरा थकवा आहे, म्हणा. बाकी मी बोलते."

येणार होत्या त्या मेधा मॅडम. नोकरी लावून देणाऱ्या कंपनीच्या. मदतीचे पैसे सरकारचे होते, पण मदत घेणाऱ्या घरातल्या धडधाकट माणसाला कामाला लावायचं कंत्राट या कंपनीकडे होतं आणि जितकी माणसं कामाला लागतील तितकं तिला मिळायचं. आधी सरिताची पाळी आली होती. मुलाखतीत कसं हसायचं याच्या वर्गाला ती जाऊन बसली, मग हॉकर सेंटरच्या खाऊबाजारात पहाटे टेबलं पुसायचं काम तिला मिळालं, आणि एका संध्याकाळनंतर तिनं ते सोडलं. कारण सांगितलं नाही. विनाकारण काम सोडलं म्हणून मदत निम्मी झाली. आता प्रफुल्लची पाळी होती.

ती संध्याकाळ तिनं कुणालाच सांगितली नव्हती. नागपूरला आईला नाही, पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरला नाही. डॉक्टरला एवढंच सांगितलं, की यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही. त्यानं मोठ्या हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली होती. तिथली तारीख पुढच्या महिन्यातली होती.

फोनवर मेधा मॅडम मराठीत बोलल्या तेव्हा सरिताचा जीव भांड्यात पडला होता. आपलं माणूस. मग ती दोन दिवस घर आवरत होती. खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या, बुद्धमूर्तीपुढे मोगऱ्याचा गजरा ठेवला, बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसली. तिचे वडील पोस्टात होते. ते म्हणायचे, आपल्या घरी कुणी आलं तर त्याला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये. त्यांच्या शर्टाची घडी शेवटच्या दुखण्यातसुद्धा मोडली नव्हती. पाहणी करायला येणाऱ्या माणसापुढे घर कसं ठेवायचं, याचा दुसरा धडा सरिताला कुणी दिलाच नव्हता.

मेधा मॅडम ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. दार उघडंच होतं, जाळीच्या गेटवर त्यांनी बोटांनी टकटक केलं आणि सँडल बाहेर काढत म्हणाल्या, "साजूक तुपाचा वास थेट लिफ्टपर्यंत येतोय."

त्या तिशीतल्याच होत्या. पुण्याच्या. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात टॅबलेट. बसल्या बसल्या त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली, क्षणभर थांबली आणि खाली आली. ते थांबणं सरिताच्या सवयीचं होतं. तिनं शिऱ्याची बशी पुढे केली.

प्रफुल्ल आतून आला आणि नमस्कार करून खुर्चीवर ताठ बसला. सरिता त्याच्या मागे उभी राहिली. हात खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे त्याच्या खांद्याला लागूनच.

मॅडमनी विचारलं, सध्या काय करता. प्रफुल्ल म्हणाला, वाचन करून राहिलो. मॅडम खुदकन हसल्या. करून राहिलो ऐकलं की नागपूर ओळखू येतं, म्हणाल्या. मग सावजी सोडून इथं कसे काय टिकलात?

"इथं जहाल म्हणून मिळतो तो नूडल्सचा लाक्सा खातो," प्रफुल्ल म्हणाला. "आमच्याकडे त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणतात."

मॅडमना ठसका लागला. यशूसुद्धा हसली. सरिता मात्र हसली नाही. गेल्या कित्येक आठवड्यांत तो एवढं बोलला नव्हता. पाहुणा घरात आला की माणूस बसतं सावरून, हे तिला कळत होतं. त्याच्या शर्टाच्या पाठीवर, तिच्या बोटांखाली, घामाचा ओला पट्टा वाढत चालला होता. तो मॅडमना समोरून दिसत नव्हता.

मॅडम इंग्रजीत विचारू लागल्या. प्रफुल्लनं स्वच्छ इंग्रजीत उत्तरं दिली. धातूंवरचा लेप, लॅबमधली वर्षं, प्रकल्पाचा पैसा संपला तो दिवस. तब्येत कशी आहे? बरी आहे. थोडा थकवा. मॅडम टॅबलेटवर बोटं टेकवत गेल्या आणि शेवटी खुशीत म्हणाल्या, की त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे किती सोपं निघालं. लोकांना घरातून उठवता उठवता नाकी नऊ येतात. इथं तर माणूस तयार बसलाय. चोआ चू कांग भागाच्या पलीकडे एका गोदामात जागा होती. पॅकिंगचं काम, तात्पुरतंच. सोमवारपासून.

"जायचं कसं?" सरितानं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"इथून एलआरटीची छोटी गाडी, पुढे एमआरटीची मेट्रो. एकच बदल."

प्रफुल्ल मान हलवत होता. चेहऱ्यावर तेच ओठांपुरतं हसू. "हो, जमेल," तो म्हणाला.

मॅडम उठल्या तसं सरिता त्यांच्या मागोमाग बाहेर आली. घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याजवळ घेऊन गेली. तिथे वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरीमागे दोघी उभ्या राहिल्या.

"ते नाही जाऊ शकत," ती म्हणाली.

"का? आत्ता तर बरे होते."

"तुम्ही येणार म्हणून बरे होते."

आणि मग तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी एलआरटीच्या फलाटावर प्रफुल्ल पिवळ्या रेघेच्या पुढे जाऊन उभा राहिला होता. हातात यशूसाठी घेतलेली केळी होती. गाडी येत होती. एका म्हाताऱ्या चिनी अंकलनं त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं, हाताला धरून घरापर्यंत आणलं, आणि दारात एवढंच म्हणाला, 'युअर हजबंड व्हेरी टायर्ड. डोंट लेट हिम गो अलोन, लाह.' केळीची पिशवीसुद्धा त्यानंच आणून दिली. तेव्हापासून सरिता त्याला एकटं सोडत नव्हती. अंघोळीला गेली तरी न्हाणीघराचं दार लोटून ठेवत होती, कडी लावत नव्हती. हॉस्पिटलची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तेही तिनं सांगितलं.

मेधानं टॅबलेट छातीशी धरला होता. चेहऱ्यावरचं मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून? इथं अजून तो गुन्हा आहे म्हणतात. पोलीस नेतील. यशूचं काय होईल?"

ते खोटं नव्हतं. मेधा कठड्यापासून लांब सरकली, सरिताही सरकली. खाली मुलांच्या सायकलींचा आवाज येत होता.

"आजारी लिहायला डॉक्टरचा कागद लागतो," मेधा अखेर म्हणाली. "तो नसला तर माणूस धडधाकट. नाही म्हणाला तर मदत पूर्ण बंद. आणि हे कारण लिहायला जागाच नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणता तेच होईल."

"तुम्ही काहीतरी करा. आपल्या माणसासारख्या आहात."

"मी माणसासारखी आहे, पण कामाच्या पासवर आहे." ती जरा कडवट बोलली. "या महिन्यात माझी कमी माणसं कामाला लागली तर कंपनी माझा पास पुढे करणार नाही. माझाही मुलगा इथं शाळेत आहे. शेजारच्या माकचिकनं, त्या मलय मावशीनं, मला आत जाताना बघितलंय."

सरिता तिच्या हाताकडे बघत राहिली. नखांशी तुपाचा अंश चमकत होता.

"नोंद अजून पाठवलेली नाही," मेधा हळू आवाजात म्हणाली. तिनं टॅबलेटवरचं काहीतरी पुसलं, थांबली, पुन्हा पुसलं. "एकच लिहिता येतं. मी आले आणि घरात कोणी नव्हतं. या महिन्याची मदत जाईल. पुढची भेट पुढच्या महिन्यात लागेल. तोवर तुमची हॉस्पिटलची तारीख येते. तिथे खरं बोला. त्या डॉक्टरशी तरी."

"मदत जाईल म्हणजे..."

"जाईल."

सरितानं मान हलवली. आणखी काही विचारलं असतं तर मेधाचं मन बदललं असतं, असं तिला वाटलं.

"दार लावून घ्या. आतलंसुद्धा. पंखे, दिवे बंद करा. मला तीनदा बेल वाजवावी लागते, फोन करावा लागतो आणि बंद दाराचा फोटो लागतो. सगळ्याची वेळ आपोआप पडते. कुणी आवाज करू नका. आणि सरिता, हे मी पुन्हा करणार नाही."

घरात प्रफुल्ल तसाच खुर्चीवर ताठ बसलेला होता. सरितानं गेट ओढून घेतलं, लाकडी दार लावलं, पंखा बंद केला. तो प्रश्नार्थक बघत होता.

"आता बेल वाजेल," ती कुजबुजली. "दार उघडायचं नाही. आपण घरात नाही."

यशूचे डोळे चमकले. लपाछपी समजून ती सोफ्याच्या मागे जाऊन बसली, दोन्ही हात तोंडावर.

बेल वाजली. प्रफुल्ल सवयीनं अर्धवट उठला. दारात आलेल्याला ताटकळत ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं. सरितानं त्याचं मनगट धरलं. तो खाली बसला.

पुन्हा बेल. खोलीत उकडू लागलं होतं. त्याच्या मनगटातली नाडी तिच्या बोटांवर आपटत होती.

"तू सांगितलंस तिला," तो म्हणाला.

"हो."

तिला वाटलं, तो हात सोडवून घेईल. त्यानं तिच्या हातावर दुसरा हात ठेवला.

"सोमवारी मी परत आलो नसतो, सरिता," तो म्हणाला. किती साधं बोलला. "जमेल म्हणालो तेव्हा मला ते माहीत होतं. मला फार भीती वाटून राहिली आहे."

"मलाही."

इतक्या दिवसांत दोघांनी हे एकमेकांना पहिल्यांदा सांगितलं होतं, तेही घरात नसताना.

तिसरी बेल वाजली. मग टेबलावरचा फोन थरथरत काठाकडे सरकू लागला, पडद्यावर मेधा मॅडमचं नाव. दोघं त्याच्याकडे बघत राहिली. तो थांबला.

"शी गॉन ऑलरेडी?" यशूनं सोफ्यामागून विचारलं.

सरितानं ओठांवर बोट ठेवलं. बाहेर पावलं वाजली नव्हती. दाराखालच्या फटीतून कॉरिडॉरचा उजेड आत येत होता आणि त्यात सँडल घातलेल्या दोन पायांच्या सावल्या होत्या. फोटो कधीच काढून झाला असेल. तरी त्या सावल्या हलत नव्हत्या; नोंद अजून गेली नसावी.