आर्डिथच्या खिडकीसमोर गाणारा चेहरा

मित्रांनो, हसू आले तर खुशाल हसा, पण मी एक जुना गाणारा चेहरा आहे. नाताळात अंगणात उभे राहायचे आणि दिव्यांच्या तोंडाने गाणी म्हणायची, हे माझे काम होते. आता मिनेसोटातल्या एका गॅरेजमध्ये भिंतीला टेकून मी धूळ खात पडलो आहे.

माझा जन्म निवडणुकीतून झाला. हरलेल्या उमेदवाराचे प्लॅस्टिकचे फलक माझ्या मालकाने, वेंडलने, गोळा करून आणले, गोल कापले, त्यांना डोळ्यांच्या आणि तोंडाच्या आकारात भोके पाडली आणि भोकाभोकात चिमुकला दिवा बसवला. माझे सगळे दिवे एकाच माळेत आहेत. संगणकाचा हुकूम पहिला दिवा ऐकतो आणि पुढच्याच्या कानात सांगतो. पहिल्या खेपेला वेंडलने अख्खी माळच उलटी ओवली, त्यामुळे हुकूम कोणापर्यंत पोचलाच नाही. "गाढवा, दिव्यावरचा बाण कुठल्या दिशेला आहे ते तरी बघ!" असे स्वतःलाच म्हणत त्याने सगळे दिवे उपसले आणि पुन्हा बसवले. मग मिटलेले ओठ, वासलेला 'आ', 'ओ'चा चंबू, असे माझे तोंड गाण्याच्या अक्षराअक्षराशी जुळवत तो सारा उन्हाळा संगणकापुढे बसला.

एवढा खटाटोप कोणासाठी? समोरच्या आर्डिथसाठी. वेंडल मूळचा टेक्सासचा, बायकोच्या गावी येऊन राहिलेला. बायको गेली तेव्हा आर्डिथ हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाट्याचा गरमागरम पदार्थ, घेऊन आली. तीही एकटीच होती, तिचा नवरा आधीच गेला होता. भांडे रिकामे कसे परत करायचे म्हणून वेंडलने त्यात आपल्याकडची चिली, म्हणजे मांसाचा झणझणीत रस्सा, भरून दिली. एक घास खाऊन आर्डिथ म्हणाली, "अगं बाई! वेगळंच आहे हो हे!" वेंडलला आभाळ ठेंगणे झाले. मग दर आठवड्याला चिली जाऊ लागली. त्याला फार काही नको होते. एखाद्या संध्याकाळी तिने रस्ता ओलांडून यावे, माझ्यासमोर घटकाभर उभे राहावे आणि आत येऊन कॉफी घ्यावी, एवढेच.

पण मित्रांनो, त्या गावात 'वाईट' हा शब्द कोणी कोणाच्या तोंडावर काढत नाही. जे आवडत नाही ते 'वेगळे' असते. तिथेच जन्मलेल्याला हे सांगावे लागत नाही. वेंडलला ते कोणी सांगितले नाही.

पहिल्या डिसेंबरात माझा थाट काय वर्णावा! बर्फातून गाड्यांची रांग लागे. वेंडल एका छोट्या यंत्रातून माझे गाणे सोडी, लोक ते गाडीतल्या रेडिओवर लावत आणि मुले काचेला नाक चिकटवून बसत. आर्डिथ दारात आली तेव्हा वेंडलने इकडूनच ओरडून विचारले, "कसं वाटलं?"

"वेगळंच आहे हो, वेंडल! फारच वेगळं!"

झाले! त्याने माझा उजेड आणखी वाढवला. पुढच्या वर्षी माझ्या दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या कमानी आल्या. माझे तोंड तिच्या खिडकीकडेच होते, म्हणून जे त्याला दिसले नाही ते मला दिसले. गाणे सुरू झाले की ती दोन्ही हातांनी कपाळ दाबायची आणि पडदा ओढायची. मी आपला गातच होतो. मला फार वाईट वाटे, पण थांबणे माझ्या हातात नव्हते.

तिसऱ्या नाताळच्या तोंडावर एका दुपारी तिच्या दारात व्हॅन उभी राहिली. तिचा भाऊ ऑर्विल सामान भरत होता. वेंडल हातात चिलीचे भांडे घेऊन गेला.

"आर्डिथ नाही का घरात?"

"ती माझ्याकडे राहायला आली आहे, डुलुथ शहरात. घर विकायचं म्हणते." ऑर्विलने बराच वेळ बुटाने बर्फ उकरला. "अर्धशिशी आहे ना तिला. ते तुमचं... लुकलुकणारं. संध्याकाळभर मागच्या खोलीत अंधार करून बसायची बिचारी."

"पण ती तर म्हणाली वेगळं आहे!"

"हो ना. मग आणखी काय सांगायला हवं होतं तिनं?"

वेंडलने भांडे पायरीवर ठेवले. "मी फोन करतो तिला. पाया पडून माफी मागतो. म्हणावं, परत ये. सगळं उपटून टाकतो मी."

"करा की," ऑर्विल म्हणाला. "ती म्हणेल, छे छे, काही झालं नाही, कशाला मनाला लावून घेता! आणि तुम्हाला ते खरं वाटेल."

वेंडलने फोन केला. ती नेमके तेच म्हणाली, तीच वाक्ये, त्याच गोड आवाजात. ती परत आली नाही.

त्याच दिवशी त्याने माझी वायर काढली. समोर आता दुसरे कुटुंब राहते. त्यांची मुले माझ्याबद्दल विचारतात, तेव्हा वेंडल गॅरेजचे दार लावून घेतो. उंदरांनी माझी माळ पहिल्या टोकाजवळच कुरतडली आहे. पहिल्या दोन-तीन दिव्यांपलीकडे हुकूम जाणार नाही, म्हणजे मी गेल्यातच जमा. मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. मी पुन्हा उजळलो तरी कोणासाठी गाऊ?

पण मित्रांनो, एक सांगतो. कोणासाठी काही करायला घ्याल तेव्हा आधी त्याच्या शेजारी बसून त्याला नीट विचारा. आणि तुम्हाला दुखत असेल तर 'दुखतंय' म्हणा. तिला दुखतंय हे मला दिसत होते, पण माझ्या तोंडात तो शब्द कोणी घातलाच नव्हता. तुमच्या तोंडाला तर कोणाची वायर जोडलेली नाही.